कच्चे दाणे

सरांनी पत्राला लिहून ठेवलेलं उत्तर खिशात सारलं आणि तळघराचं दार ढकललं. चाळणीमावशी नळाखाली माती धूत होत्या. बावीस वर्षं त्यांचं हेच काम: उत्खननातली माती चाळायची, त्यातले जळके दाणे वेचायचे. हात पुसत त्या उठल्या.

"सर, तुम्ही? मला वर बोलवायचं ना."

"सहज आलो."

सहज कसले! दोन दिवस घास गोड लागत नव्हता. सरांचं सगळं नाव एका गोष्टीवर उभं होतं. रानगवताचा दाणा पिकला की आपसूक गळतो, त्याच्या देठाची जागा गुळगुळीत राहते. पेरलेल्या पिकाचा दाणा कणसाला धरून बसतो, तो ओढून काढावा लागतो, म्हणून ती जागा फाटते. हजारो वर्षांपूर्वी हवा कोरडी पडली, त्या काळच्या थरात सरांना असे फाटके दाणे सापडले. दुष्काळानं माणसाला शेती शिकवली, असं त्यांनी लिहिलं आणि ते थेट शाळेच्या पुस्तकात गेलं.

आता कुणा तरुण संशोधक बाईचं पत्र आलं होतं. रानगवत हिरवंच ओरबाडलं तरीही देठाची जागा फाटते. तुमच्या दाण्यांत कच्चे किती होते?

प्रश्न नवा नव्हता. सोळा वर्षांपूर्वी मावशींनीच एक ताटली पुढे केली होती. "सर, ह्यांचं पोट भरलेलं नाही. कच्चे आहेत. दुष्काळात पिकायची वाट कोण बघतं?" खोलीभर विद्यार्थी होते. "मावशी, तुम्ही चाळा. विचार आम्ही करतो," सर म्हणाले होते. पोरं खो-खो हसली. मावशीही हसल्या. मग सरांनी ती ताटली टाकून द्यायला सांगितली.

"त्या ताटलीतले दाणे तेव्हाच टाकलेत ना?" सरांनी विचारलं.

मावशी हो म्हणाल्या की जीव भांड्यात पडणार होता. नमुने शिल्लक नाहीत, असंच खिशातल्या कागदावर लिहिलेलं होतं.

मावशींचा चेहरा उतरला. फडताळाच्या मागून त्यांनी औषधाची एक जुनी बाटली काढली.

"चुकलं माझं, सर. तुम्ही टाका म्हणालात, पण टाकवेना. इतकी वर्षं टिकलेलं, कचऱ्यात कसं घालायचं? थर, तारीख, सगळं लिहिलंय वर. रागावू नका."

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी कुणी मागायची आणि मागत कोण होतं.

त्यांनी दाणे सूक्ष्मदर्शकाखाली घेतले. एकेक दाणा सुरकुतलेला, पोट खपाटीला गेलेला.

"किती आहेत?"

"एकशे बारा फाटक्यांतले सत्त्याण्णव," मावशी न बघता म्हणाल्या.

म्हणजे त्या थरातले लोक शेतकरी नव्हतेच. भुकेली माणसं होती, हाताला लागेल ते ओरबाडणारी. सरांनी खिशातला कागद काढला, फाडला, आणि आपली खुर्ची मावशींकडे सरकवली.

"तुम्ही बसा. तेव्हा काय म्हणाला होतात ते परत सांगा. मी लिहून घेतो."

मावशी खुर्चीच्या कडेवर टेकल्या. मग त्यांनी दाराकडे पाहिलं.

"ते दार लावता का, सर?" त्या हळूच म्हणाल्या. "पोरं आली तर हसतील."