उरल्यासुरल्या रंगांची लेथ

मी लेथ मशीन बोलतेय, हथखोज औद्योगिक वसाहतीतल्या शेडमधली. लोखंडाचा तुकडा माझ्यात पकडतात, मी तो गरगर फिरवते आणि समोरचं टूल त्याला हवा तसा सोलून काढतं. याच कामावर माझ्या मालकांनी कॅम्प-१ या कामगार वस्तीत घर बांधलं.

देवीदासभाऊंनी मला एका दलालाकडून घेतलं, तेव्हा तो म्हणाला होता, "अंग्रेजों के जमाने की है." भाऊंनी ते खरं मानलं. येणाऱ्या गिऱ्हाइकाला पाण्याआधी माझं वय सांगायचे. खरं माहीत होतं ते एकट्या मला, पण मला कुणी विचारलंच नाही. आणि ऐकायला बरंही वाटायचं.

शेजारच्या शेडमध्ये विश्वकर्मा पूजेला मशिनी रंगतात. आमच्याकडे अशोक विजयादशमीला. भाऊ मला पुसून रंगाचा एक हात मारत आणि पांढरे कपडे घालून नागपूरच्या गाडीत बसत, दीक्षाभूमीवर जायला. रंग मात्र माझ्यासाठी कधी विकत आणला नाही. घरात, विहारात जो उरेल, तो माझा.

यंदा भाऊंची नात सुजाता जर्मनीत शिकून परतली. कॅम्पातल्या मुलींना माझ्यावर काम शिकवायचं, हे तिनं विमानातच ठरवलं असावं. इकडे तिचे वडील सुगत यांनी मला भंगारात द्यायचं ठरवलं होतं. कॉम्प्युटरवर चालणारी नवी मशीन येत होती आणि तिला माझी जागा हवी होती.

"बाबा, ही व्हिंटेज आहे. ऐसे कैसे फेंक दोगे?"

"व्हिंटेज काय, जुनी म्हन. तुये आबाजी सांगतात तशी इंग्रजाची निघाली तर ठेवतो. नाई तर रविवारी टेम्पो येऊन राहिला."

सुजाता पत्रा घेऊन मला खरवडू लागली. गुदगुल्या होत होत्या. भाऊ शेजारी स्टुलावर बसून प्रत्येक थर ओळखत होते.

"हा हिरवा तुया बापाच्या लग्नातला. दरवाजे रंगवले, त्यातला उरला. हा निळा विहाराच्या खिडक्यांचा."

"और इनके ऊपर ये गुलाबी?"

"तू झाली तवा पाळणा रंगवला होता."

केबिनमध्ये सुगत बिलं लिहीत होते. त्यांचा पेन थांबला.

सगळ्यात खाली पितळी पट्टी निघाली. सुजातानं हळूच वाचलं, "बटाला, १९७४."

मग भाऊ म्हणाले, "म्हणजे देशीच निघाली. दलालानं मले फसवलं. अन् मी अख्ख्या हथखोजले."

"बाबा, तुमचं जन्मसालही हेच ना?" सुजाता केबिनकडे वळून म्हणाली. "रविवारी टेम्पोत तुम्हालाही बसवू का?"

सुगत हसले नाहीत. "अट म्हणजे अट," म्हणाले आणि बाहेर गेले.

रविवारी टेम्पो आला. सुगतनी भंगारवाल्याला थेट आपल्या केबिनपाशी नेलं. "हे पत्रे, टेबल, कपाट, सगळं उचल. नवी मशीन इथं बसंन."

"आणि तुम्ही कुठे बसाल?" सुजातानं विचारलं.

"बसाले टाइम कुठं भेटते? पोरी येतीन त्याईले शिकवा लागते. तुले तरी कुठं चालवता येते हे लेथ?"

"नाही येत," सुजाता म्हणाली. "पहली स्टुडंट मीच."

काल विजयादशमीचा रंग झाला. भाऊंना आता नीट दिसत नाही. सवयीनं त्यांनी पितळी पट्टीवरही ब्रश फिरवला. सुजातानं तिच्यावर आधीच टेप चिकटवून ठेवली होती. ती काढली तेव्हा माझं खरं वय लख्ख दिसलं. मला आता ते लपवावंसं वाटत नाही.

तुमच्याकडे एखादी जुनी मशीन असेल, तर भंगारात देण्याआधी एकदा तिला थोडं खरवडून बघा. खाली कुणाचा पाळणा निघेल, सांगता येत नाही.

रंगाचा डबा यंदा सुगतनी दुकानातून नवा आणला होता, फक्त माझ्यासाठी. काम झाल्यावर भाऊंनी तो हलवून बघितला.

"थोडा उरला हाय. काय करू?"

"राहू द्या, बाबा," सुगत म्हणाले. "घराच्या दाराले मारू."