काठाकडची बाजू

मंगळवारी सकाळी सगुणाची रुंदी एक वीत चार बोटं भरली. सोमवारी ती एक वीत सहा बोटं होती. रोज अंघोळ झाली की ती न्हाणीच्या दाराशी उभी राहून मोजायची, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, आणि मग चहा टाकायची. लग्नात ती चांगली दीड हात रुंद होती. बावीस वर्षं पलंगाच्या काठावर एका कुशीवर निजल्यावर माणूस असा झिजायचाच, त्याचं तिला नवल नव्हतं. राग होता. पण रागाला सुद्धा अंगात जागा लागते, आणि ती आताशा रोज दोन बोटांनी कमी होत चालली होती.

चहा घेऊन ती माजघरात आली तेव्हा त्र्यंबकनं पेपरातून मान वर केली नाही.

"दार उघडून येत जा की," तो म्हणाला. "फटीतनं येतीस. शेजारचे बघतात."

"हातात चहा होता. दार कशानं उघडू?"

"बरं, ऐक. माझी कंबर धरलीय. आज नवी गादी बघून येऊ, चांगली मऊ. कावेरीला बोलावलंय. तिला कळतं त्यातलं."

कावेरी म्हणजे त्र्यंबकची थोरली बहीण. सासरहून निघताना ती जेमतेम चार बोटांची असायची. एसटीतून उतरून माहेरचा उंबरा ओलांडला, की भिजवलेल्या डाळीसारखी फुगून चांगली दोन हातांची व्हायची. वर्षातून दोनदा यायची आणि दोन्ही वेळा पलंगाच्या मधोमध निजायची. त्या दिवसांत सगुणा काठावरही नसायची, पलंगाच्या लाकडी पट्टीवर असायची.

कावेरी आल्यावर जुनी गादी टेम्पोत टाकली. गडहिंग्लजात जुना कापूस कुणी टाकून देत नाही. तो पिंजून नव्या गादीत घालतात. ही गादी सगुणाच्या रुखवतातली. तिच्या बापानं, आण्णांनी, बाजारामागच्या गुलाबभाई नदाफांच्या याच दुकानात ती भरून घेतली होती. आण्णांना जाऊन नऊ वर्षं झाली. पण दर उन्हाळ्यात गादीला ऊन द्यायला माडीवर नेली, की सगुणा तिच्यावरून हात फिरवत म्हणायची,

माझ्या गं बापाजीनं
गादी भरली कापसाची,
डाव्या गं कुशीखाली
जागा लेकीच्या मापाची.

ही ओवी तिनं स्वतःच जुळवली होती. ती म्हटली की एखादं बोट परत भरून यायचं. म्हणून तर सगुणा अजून शिल्लक होती.

गुलाबभाईंच्या भुवयांवर कापूस होता, पापण्यांवर कापूस होता. मागं दोन्ही भिंतींना गाद्यांच्या थप्प्या आणि मधून वाट. ते सगुणाकडं एक क्षण बघत राहिले आणि मग त्यांनी नजर खाली वळवली.

"या, बसा. कुणाकुणासाठी?"

"आम्हा दोघांसाठी," त्र्यंबक म्हणाला.

"आणि मी येते तेव्हा मी काय फरशीवर निजू?" कावेरी म्हणाली. "दोघांसाठी म्हणे. लिहा हो, तिघं."

पहिली गादी फोमची होती. गुलाबभाई म्हणाले, ही निजणाऱ्याला लक्षात ठेवते. त्र्यंबक निजला, हात पसरले, पाय पसरले, सुस्कारा टाकला आणि उठला. तो उठला तरी गादीत त्याचा साचा तसाच निजून राहिला, हात पसरून, तोंड उघडं टाकून. मग सगुणा उरलेल्या पट्टीवर आडवी झाली. साचा कुशीवर वळला आणि म्हणाला, "जरा सरक."

ती सरकली. बावीस वर्षांची सवय. अंग विचारत नाही. उठून बघितलं तर तिच्या जागी गादीवर एक घडीसुद्धा पडली नव्हती.

"तुम्ही आडव्या झालाच नाहीत, ताई," गुलाबभाई म्हणाले.

"झाले होते."

"गादीला कळलं नाही मग."

सगुणानं मोजलं. बरोबर बारा बोटं, म्हणजे एक वीत.

"ही नको," ती म्हणाली.

"मला तर झकास वाटली," त्र्यंबक म्हणाला.

"ही नको म्हटलं मी."

तिचा आवाज एवढा बारीक झाला होता की बराचसा थप्प्यांनीच पिऊन टाकला. पण कावेरीनं ऐकला. "आजपर्यंत हिनं साडी सुद्धा आपल्या पसंतीनं घेतली नाही," ती गुलाबभाईंना म्हणाली, "आणि आज गादीला नाकं मुरडतीय. दाखवा हो, कापसाचीच दाखवा."

कापसाच्या गादीची रीत वेगळी. ती पलंगाच्या मापानं शिवत नाहीत, निजणाऱ्यांच्या मापानं शिवतात. गुलाबभाई एकेकाला आडवं करून अंगावरून रिळाचा दोरा धरायचे, तोडायचे, आणि असे सगळ्यांचे दोरे एकत्र गुंडाळून उशाकडच्या कोपऱ्यात शिवायचे. ज्याचा दोरा आत, त्याची जागा आत. ज्याचा नाही, त्यानं काठ धरायचा.

त्यांनी वाटेच्या मधोमध गादीची कोरी खोळ अंथरली. त्र्यंबक निजला. "साडेतीन हात," गुलाबभाई म्हणाले आणि खोळ साडेतीन हात रुंद झाली. कावेरी निजली. "दोन हात." खोळ आणखी रुंदावली. मग त्र्यंबकनं पायाखाली घ्यायच्या लोडाचं माप दिलं, एक हात. चष्म्याचं घर, मोबाइल आणि पेपर, मिळून एक वीत. दर मापाला खोळ वाढत होती आणि सगुणा उभी होती त्या बाजूची थप्पी तिच्याकडं सरकत होती. आता तिच्या पायाशी खोळ होती आणि पाठीशी थप्पी.

"ताईंचं?" गुलाबभाईंनी दोरा उचलून विचारलं.

"तिचं काय घ्यायचं," त्र्यंबक निजल्या निजल्या म्हणाला. "ती कुठंही झोपते."

सगुणाच्या अंगातून चार बोटं गेली. भाकरीची कड मोडावी तशी, आवाज न होता.

"हिला काठच लागतो," कावेरी म्हणाली. "मधे झोपच येत नाही. मी विचारलंय."

आणखी चार गेली.

"कधी विचारलंत, वन्सं?" सगुणा म्हणाली. "कोणत्या साली?"

"बघा, कशी बोलतीय! माझ्या सासरी जाऊन बघ, मी कशी निजते ते. चार बोटांत निजते मी तिथं. तोंडातनं शब्द काढत नाही."

"म्हणून इथं येऊन माझी जागा घेता?"

"मग कुणाची घेऊ?" कावेरी ओरडली आणि तिनं तोंडावर पदर धरला, जणू हे तिनं आत्ताच पहिल्यांदा ऐकलं.

"माझं माप घ्यायची गरज नाही," सगुणा गुलाबभाईंना म्हणाली. "जुन्या गादीत माझा दोरा आहे. माझ्या आण्णांनी घालून घेतलाय. तोच काढा आणि नव्या गादीत घाला. दीड हाताचा आहे."

गुलाबभाईंनी टेम्पोतून जुनी गादी आणवली आणि कोपरा उसवला. आतून दोऱ्याचं गुंडाळं निघालं. त्यांनी ते हळूहळू उलगडलं. एकच दोरा होता. साडेतीन हातांचा.

"दुसरा बघा," सगुणा म्हणाली. "खाली गेला असेल."

त्यांनी चारी कोपरे उसवले. मग सगळा कापूस फरशीवर ओतला. बावीस वर्षांत दबून त्याच्या पाट्या झाल्या होत्या.

"पिंजल्याशिवाय कळणार नाही," गुलाबभाई म्हणाले. "कापूस भरताना आणि पुढं त्यावर निजताना जे बोललं जातं ते त्यात राहतं. पिंजलं की निघतं." त्यांनी छताला टांगलेलं धनुष्यासारखं पिंजण खाली घेतलं, कापसात धरलं आणि लाकडी मूठ त्याच्या ताणलेल्या तातेवर मारली. टुंई करून तात वाजली. कापसाचा एक पुंजका उडाला आणि आण्णांच्या आवाजात बोलला. सगुणानं तो आवाज नऊ वर्षांनी ऐकला. तसाच होता, पान खाल्ल्यासारखा, मायेनं भरलेला.

"जावईबापूंचं माप नीट घ्या हो, गुलाबभाई. हात पसरून निजतात म्हणे. त्यांना काही कमी पडायला नको. लेकीचं राहू दे. लेक सांभाळून घेईल."

पुंजका खाली बसला.

सगुणाच्या अंगातून एकदम तीन बोटं गेली. तिनं मोजायला हात उचलला, पण मोजण्यासारखं काही नव्हतं. एक बोट. माडीवर उन्हात हात फिरवत म्हटलेली ती ओवी, इतके उन्हाळे, इतक्या वेळा. त्यातली डाव्या कुशीखालची जागा कुणी ठेवलीच नव्हती. आण्णा मायाळू होते. खोटं बोलत नव्हते. त्यांनी फक्त एकाचं माप घेतलं होतं.

"झालं समाधान?" त्र्यंबक खोळीवरून म्हणाला. "आता घेतलीत तीच मापं टाका शिवून. ऊन तापायच्या आत घरी जाऊ."

सगुणा थप्पी आणि खोळ यांच्या फटीतून बाहेर आली. तिला बाहेर यायला काहीच कष्ट पडले नाहीत. आणि तेव्हा तिला कळलं की रागाला जागा लागते हे खोटं आहे. एका बोटात तो सगळा मावला होता. उलट, पातळ झाल्यानं धारदार झाला होता.

"ते द्या इकडं," ती म्हणाली आणि गुलाबभाईंच्या हातातून पिंजण घेतलं.

"जड आहे, ताई."

"ही गादी मी बावीस उन्हाळे माडीवर चढवलीय."

तिनं मूठ हाणली. कापूस उडाला आणि त्र्यंबकच्या आवाजात म्हणाला, "सरक." दुसऱ्यांदा हाणली. "जरा सरक." तिसऱ्यांदा. "सरक की गं थोडी." पुंजक्यामागून पुंजका उठत होता, छताला लागत होता, आणि प्रत्येकात तेवढंच, झोपेतलं, बिनरागाचं, सवयीचं: सरक. सरक. सरक तिकडं.

"बंद कर ते," त्र्यंबक म्हणाला. "लोक ऐकतात."

"गुलाबभाई," सगुणा म्हणाली, "माझं माप घ्या."

"एका बोटाचं कसं घेऊ, ताई? दोऱ्याची गाठच त्याच्याहून मोठी होईल."

"अंगावरचं नका घेऊ. अंग यांनी नेलंय. जेवढ्यांदा सरकले तेवढं घ्या. एका सरकण्याला एक बोट. कापूस बोलतोय, तुम्ही मोजा."

गुलाबभाईंनी भुवईवरचा कापूस पुसला. त्यांच्या धंद्यात असं माप कुणी दिलं नव्हतं, पण ते चूक आहे असंही त्यांना म्हणता येईना. त्यांनी दोऱ्याचं टोक खोळीच्या मधोमध टाचलं. सगुणानं मूठ हाणली. सरक; एक बोट. सरक; एक बोट. खोळ वाढू लागली.

कावेरी आधी उतरली. कुणी सांगितलं नव्हतं. ती खोळीवरून खाली आली, पदर खोचला, आणि गुलाबभाईंच्या हातातलं रीळ आपल्या हातात धरलं, ते नीट फिरावं म्हणून.

"पिंज, सगुणा," ती म्हणाली. "थांबू नको."

त्र्यंबक उतरला नाही. त्याला वाटलं, किती वाढेल? खोळ त्याला घेऊन दुकानाच्या दारापर्यंत गेली, मग पायरी उतरली, मग टेम्पोच्या बाजूनं, भाजीबाजारातून, बायका आपापल्या पाट्या उचलून वाट देत असताना, एसटी स्टँडच्या अंगानं पुढं गेली. मधली सगळी जागा पांढरी, कोरी, एकही घडी न पडलेली. तिच्यावर कापूस भुरभुरत होता.

"अगं, पुरे!" लांबून त्याची हाक आली. बरीच बारीक होती. "कुठवर नेतीस? काठाला आलोय मी!"

सगुणानं गुलाबभाईंकडं बघितलं. फरशीवर जुन्या कापसाचा ढीग पडला होता. वरचा थोडासा तेवढा पिंजून झाला होता.

"किती झालं?" तिनं विचारलं.

"हे अजून पहिलंच वर्ष चाललंय, ताई."

दूर, नदीकडच्या उतारावर, एक माणूस एका कुशीवर वळला होता आणि त्यानं दोन्ही हातांनी गादीचा काठ घट्ट धरला होता. सगुणानं मूठ उचलली.