कावळेबाईंचे ओठ

प्रयोगशाळेत तिला सगळे कावळेबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. तिला राग येत नसे. आई गेल्यापासून घरी कुठल्याच नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं, मग हेही नाव काही वाईट नव्हतं.

काम सांगायला सोपं. दोन वाट्या पालथ्या घालायच्या, कावळ्यादेखत एकीखाली खाऊ लपवायचा, थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि तो नेमकी वाटी उलटवतो का ते बघायचं. शेजारच्या खोलीत माकडांची हीच परीक्षा चाले. कावळ्याच्या आणि माकडाच्या वंशाच्या वाटा कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. तरी दोघांची अक्कल सारखी निघाली, तर निसर्गाने ती दोनदा घडवली असं तिला छातीठोक म्हणता येणार होतं. तिचा म्हातारा कावळा, आजोबा, माकडांच्या तोडीस तोड होता. तो नापास झाला तर मात्र त्याची रवानगी दूरच्या पक्षीगृहात होणार होती.

"कावळा बसायला आणि फांदी तुटायला," माकडवाले सर म्हणाले.

"फांदी रोज कशी तुटेल, सर?"

"मग एकदा पडद्याआड उभ्या राहा. माझ्या माकडांना माझं तोंड दिसत नाही."

पडदा तिच्याही खोलीत होता, पण तिने तो कधी ओढलाच नव्हता. दिवसभरात कोणीतरी आपल्याकडे बघावं, एवढीच तिची हाव होती. शास्त्राच्या दृष्टीने ही चूक अक्षम्य होती.

तिने उजव्या वाटीखाली खाऊ ठेवला आणि पडदा ओढून घेतला. फटीतून तिला दिसलं, आजोबा दोन्ही वाट्यांपुढे घुटमळतोय. त्याने डावी उलटवली. रिकामी. पुन्हा लपवलं, पुन्हा चुकला. तिसऱ्या खेपेला मात्र वाट्या सोडून तो टुणटुण उड्या मारत आला, चोचीने पडद्याची कड बाजूला सारली आणि मान वाकडी करून तिच्याकडे पाहत राहिला. पोटभर पाहून झाल्यावर परत गेला, उघड्या राहिलेल्या कडेतून तिच्या तोंडाकडे बघत एकेका वाटीकडे वळला आणि बिनचूक वाटी उलटवली.

"तो चुकीच्या वाटीकडे वळला की तुम्ही ओठ आवळता," तिच्या शेजारी उभे राहून बघणारे सर हळूच म्हणाले. "वाट्या नव्हे, बाई, तो तुम्हाला वाचतो."

"मला माहीतच नव्हतं."

"तुमच्या घरच्यांनी सांगितलं नाही कधी?"

निकाल तिने स्वतःच लिहिला: नापास. इतकं रडू तिला आईच्या वेळीही आलं नव्हतं.

आजोबाचा पिंजरा गाडीत चढवला, त्या संध्याकाळी थोरल्या भावाचा नेहमीचा फोन आला.

"काय गं, बरी आहेस ना?"

तिने ओठ आवळले. "हो दादा, मजेत."

"वा, छान," दादा म्हणाला आणि आपल्या नव्या गाडीबद्दल सांगू लागला.