तांब्याची तार आणि विल्फचे लीक

डेस्मंड हर्ड फ्रान्सला सुट्टीवर गेला तेव्हा आम्हाला वाटलं, चला, पंधरा दिवस तरी त्याच्या बडबडीतून कान सुटले. तो परत आला तो तांब्याच्या तारेची भेंडोळी घेऊन. त्या उन्हाळ्यात विंडलॉ गावातले अर्धे पुरुष हातात होकायंत्र घेऊन आपापल्या वाफ्यात उत्तर दिशा शोधत उभे होते.

लीक हा कांद्याच्याच भाऊबंदांतला, पण आमच्या उत्तर इंग्लंडातल्या डरहॅमकडच्या म्हाताऱ्या खाणकामगारांसमोर त्याला नुसती भाजी म्हणून तर बघा! खाण बंद झाली, चॅपल बंद झालं, शाळासुद्धा बंद झाली. सप्टेंबरातलं लीकचं प्रदर्शन मात्र चालू आहे. दंडाएवढे जाड, पांढरेशुभ्र, एकसारखे दोन लीक क्लबातल्या टेबलावर मांडायचे, परीक्षकाने ते टेप लावून मोजायचे आणि ज्याचे मोठे त्याने चांदीचा कप वर्षभर फायरप्लेसवर मिरवायचा. नियम कडक आहेत. उन्हाळ्यात समिती येऊन प्रत्येकाच्या लीकच्या पानावर शिक्का मारते, म्हणजे कोणी बाहेरून आणून मांडू नयेत. लीक लावायला जो लांब खड्डा खणतो, त्या चरात आपण काय घालतो ते कोणी बायकोलाही सांगत नाही. आणि दुसऱ्याच्या चराला हात लावायचा नाही. वाईट हेतूने नाही आणि चांगल्याही हेतूने नाही. हात लावणारा जन्मभर बाद आणि ज्याच्या चराला लावला त्याचे लीकही बाद.

मी ऑझी पॅलिस्टर. खाण बंद होईपर्यंत तिथला इलेक्ट्रिशियन होतो. त्यामुळे विजेबद्दल कोणी काही बरळलं की माझं डोकं फिरतं.

आणि डेस्मंड बरळत होता. काठीला तांब्याची तार वेटोळी गुंडाळायची, चरात खोचायची, टोक उत्तरेकडे करायचं. मग म्हणे हवेतली वीज तारेतून मुळांत उतरते आणि लीक फुगतात.

"खत बंद," तो म्हणाला. "लीद नाही, शेण नाही. खताने प्रवाह अडतो."

"कसला प्रवाह?" मी विचारलं. "तारेचं एक टोक मातीत, दुसरं हवेत. कशाला जोडलीय ती?"

"आकाशाला."

"आकाशाचं बटण कुठे असतं रे?"

"ऑझी, आकाशात वीज असते की नाही? तुम्हीच सांगा."

"असते. डोक्यात पडली तर कळतेही. तुझ्या पडायला हवी होती."

मी घरून टेस्टर आणला आणि सगळ्यांसमोर तारेला लावला. दिवा लागला नाही. डेस्मंडने माझ्याकडे दयेने पाहिलं. "ही फार सूक्ष्म असते. यंत्राला कळत नाही."

"मग लीकला कशी कळते?"

"लीक जिवंत आहे ना!" तो म्हणाला, आणि भोवतालच्या शहाण्यासुरत्या माणसांनी माना डोलावल्या. ज्यांनी जन्मभर कोळसा खणला त्यांनी.

बाकीचे तारा खोचूनही गुपचूप लीद घालतच होते, त्यांचं मला काही नव्हतं. पण डेस्मंड हा विल्फ ट्यूलिपचा जावई, आणि विल्फ माझा शेजारी. त्याचा चर माझ्या चराला लागून, मध्ये फक्त पायवाट. आम्ही एकाच दिवशी खाणीत उतरलो आणि एकाच दिवशी शेवटचे वर आलो. विल्फचे लीक त्याच्या वडिलांचे. वडिलांसारखे नव्हेत, वडिलांचेच. आम्ही बी पेरत नाही. एक चांगला लीक राखून ठेवायचा, त्याच्या फुलोऱ्यावर गवतासारखी बारीक रोपं फुटतात, ती लावायची. म्हणजे विल्फच्या बापाने लावलेलं रोपच इतकी वर्षं पुढे चालत आलेलं. एक वर्ष सगळे लीक खुरटले, राखायला धड एकही उरला नाही, की वंश खलास.

आणि विल्फने खत बंद केलं.

"तू वेडा झालास का?" मी त्याला म्हणालो. "डेस्मंडचं ऐकतोस? मागे त्याने कुत्र्याला गाजरावर ठेवलं होतं."

"तांब्यात काहीतरी आहे, ऑझी."

"आहे ना. तांबं आहे."

"तू तुझं बघ," विल्फ म्हणाला, आणि पाठ फिरवून तारेचं टोक सरळ करत बसला. आमचं बोलणंच तुटलं. मी मनात म्हटलं, ठीक आहे. मर. तुझे लीक चिंचोके होतील, माझे क्लबात मांडले जातील, आणि मग सगळ्या गावाला दिसेल विज्ञान म्हणजे काय ते.

जूनमध्ये त्याचे लीक पिवळे पडायला लागले. मला आनंद व्हायला हवा होता, आणि पहिला आठवडाभर झालाही, खोटं कशाला बोलू.

मग एका सकाळी कुंपणापाशी लीद टाकून गाडी गेली. तिथून प्रत्येक जण आपापली हातगाडी भरून नेतो. विल्फ आला. त्याने आजूबाजूला पाहिलं. मी शेडमध्ये होतो, त्याला दिसलो नाही. त्याने हातगाडीत लीद भरली, मूठ धरून उचलली, चार पावलं टाकली आणि गाडी खाली ठेवली. कमरेला हात लावून उभा राहिला. परत उचलली. परत ठेवली. मग सगळी लीद तिथेच ओतून, रिकामी गाडी ढकलत, शीळ घालत परत गेला.

मी शेडमध्ये खुर्चीवर बसून राहिलो. म्हणजे हे असं होतं. खत वाहता येत नाही हे सांगण्यापेक्षा खत लागतच नाही हे सांगणं सोपं. डेस्मंडच्या तारेने लीक फुगत नव्हते, पण विल्फची मान ताठ राहत होती. आणि मी त्याला तोंडावर वेडा म्हणालो होतो. मला स्वतःचाच राग आला, आणि राग आला की मी काहीतरी भलतंच करतो.

माझ्या शेडमागे पिंप असतं. त्यात मेंढ्यांच्या लेंड्यांचं पोतं पाण्यात बुडवून ठेवलेलं असतं. महिनाभर मुरलं की जे काही तयार होतं त्याचा वास सांगता येत नाही, पण लीकला ते दुधासारखं लागतं. रविवारी दुपारी सगळं गाव घरी रोस्ट, म्हणजे भाजलेलं मांस आणि बटाटे, खात असतं. त्या वेळेला मी दोन झाऱ्या भरायचो, पायवाट ओलांडायचो आणि विल्फच्या चराला पाजायचो. दुसऱ्याच्या चरात! चोरापेक्षाही आमच्याकडे हे वाईट. कोणी पाहिलं असतं तर क्लबातली माझी खुर्चीसुद्धा बाहेर फेकली असती.

माझी बायको अ‍ॅव्हरिल हिला नाक आहे.

"रोस्ट थंड झालं," ती म्हणाली. "आणि तुला मेंढीचा वास येतोय."

"पिंप ढवळत होतो."

"दर रविवारी? याच वेळेला?" तिने माझ्या ताटात बटाटे वाढले. "विल्फचे लीक हिरवे दिसायला लागलेत म्हणे."

मी बटाट्याकडे पाहिलं.

"ऑझी, तुला तांबं खोटं आहे हे दाखवायचंय ना? मग मरू देत त्याचे लीक. आपोआप दिसेल."

"त्याच्या वडिलांचे आहेत ते."

"मग तांबं खरं ठरेल."

"ठरू दे," मी म्हणालो. जन्मभर वीज सांभाळलेल्या माणसाला आपल्या हाताने हे असलं खोटं पोसायला लागावं, याहून मोठी शिक्षा मला तरी माहीत नाही.

ऑगस्टमध्ये डेस्मंड लोकांना घेऊन विल्फचा चर दाखवायला यायला लागला. लीक मनगटाएवढे झाले होते. डेस्मंड गुडघ्यावर बसला, मूठभर माती उचलली, डोळे मिटून हुंगली.

"वास येतोय? वेगळा वास येतोय ना?"

लोकांनी हुंगलं. येत होता.

"हीच ती ऊर्जा," डेस्मंड म्हणाला.

मी पायवाटेच्या अलीकडे उभा होतो. माझ्या पिंपातली ऊर्जा ती! पण बोलायची सोय नव्हती. विल्फनेही हुंगली. त्याने एकदा माझ्या शेडकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि माती परत चरात सोडली.

त्याच सुमारास एक गोष्ट घडली, जिच्याकडे मी तेव्हा नीट लक्ष दिलं नाही. मंगळवारी मी छातीसाठी दवाखान्यात जातो. त्या दिवशी डॉक्टर नव्हता म्हणून लवकर परत आलो, तर विल्फ माझ्या चराच्या कडेला वाकलेला. मला पाहून ताडकन उठला. बोटांना माती.

"काय रे?"

"गोगलगाय होती. तुझ्या लीकवर चढत होती. काढून टाकली."

दुसरा कोणी असता तर मी समितीकडे गेलो असतो. पण मी कोणत्या तोंडाने जाणार? "बरं केलंस," एवढं म्हणालो. बऱ्याच दिवसांनी आम्ही बोललो ते एवढंच.

प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षक तासभर टेप लावत फिरला. पहिला विल्फ ट्यूलिप. दुसरा मी. आमच्यातला फरक बोटाच्या पेराएवढाही नव्हता, पण पहिला तो पहिला. डेस्मंड खुर्चीवर चढला. "तांबं असलेला पहिला! तांबं नसलेला दुसरा! याहून पुरावा काय पाहिजे?" टाळ्या पडल्या. विल्फ कप छातीशी धरून उभा होता, आणि मेल्याचा चेहरा इतका आनंदी होता की मला त्याच्याकडे बघवेना आणि नजरही काढवेना.

पण माझंही रक्त उसळलं. घरी जाता जाता मी ठरवलं, बास. उद्या सोमवारी सूप आहे, तिथे सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. विल्फचा कप जाईल, मीही जन्मभर बाद होईन. पण पुढच्या वर्षी गावातले सगळे चर उपाशी राहण्यापेक्षा ते बरं.

सूप ही आमची रीत. प्रदर्शनातले लीक आणि घरून आणलेले आणखी काही मोठ्या पातेल्यात घालून उकळायचे आणि सगळ्यांनी मिळून खायचे. म्हणजे वर्षभराचा सगळा पुरावा दुसऱ्याच दिवशी पोटात. सोमवारी दुपारी मी सूपसाठी माझ्या चरातले उरलेले लीक काढायला गेलो. फावडं मातीत घातलं आणि खण्ण आवाज आला.

मी हाताने माती बाजूला केली. तांब्याची तार. छान गुंडाळलेली, घट्ट, जशी फक्त विल्फच गुंडाळतो. टोक उत्तरेकडे. थोडं पुढे खणलं तर आणखी एक. शेवटच्या लीकखाली आणखी एक.

मी तिथेच मातीत बसलो. त्याला वाटलं होतं, ऑझी हट्टी आहे, तांबं लावणार नाही, बिचारा मागे पडेल. म्हणून या म्हाताऱ्याने, ज्याला हातगाडी उचलत नाही त्याने, माझ्या चरात गुडघ्यावर बसून तारा पुरल्या. आपण बाद होऊ याची पर्वा न करता. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि सभोवती कोणी नाही ना हे मी आधी पाहून घेतलं.

संध्याकाळी क्लबात वाफा निघत होत्या. डेस्मंड मला सोडणार नव्हताच. तो चमचा वाजवून उभा राहिला. "ऑझी, आता तरी चारचौघांत कबूल करा."

सगळे माझ्याकडे वळले. अ‍ॅव्हरिलने पदार्थांच्या टेबलामागून माझ्याकडे रोखून पाहिलं. विल्फ माझ्या शेजारी बसला होता, त्याने वाडग्यात मान घातली होती. मी उभा राहिलो. खिशात त्या तिन्ही तारा होत्या. मेंढ्यांचं बोललो असतो तर विल्फ बाद. तारेचं बोललो असतो तरी विल्फ बाद.

"मी एवढंच सांगतो," मी म्हणालो, "जिथे जिथे तांबं होतं तिथे लीक चांगले आले. हे मी शपथेवर सांगतो."

क्लब दणाणून गेला. डेस्मंडने मला मिठी मारली. विज्ञानाने मला माफ करावं; शब्दन् शब्द खरा होता.

मी खाली बसलो. विल्फने पाव मोडून अर्धा माझ्यापुढे ठेवला.

"तुझेही चांगले आले या वर्षी," तो हळूच म्हणाला.

"हवा चांगली होती."

"हो ना. हवा."

आम्ही सूप प्यायलो. चव नेहमीसारखीच होती.

वसंतात नवी रोपं लावायची वेळ आली. विल्फच्या वडिलांच्या लीकची भरपूर रोपं फुटली होती. मी माझा चर खणला, आणि रोपं लावायच्या आधी त्या तिन्ही तारा खिशातून काढून तळाशी ठेवल्या. कारण तो मंगळवारी येऊन हात घालून बघणार, आणि त्याला त्या सापडल्या नाहीत तर पुन्हा गुडघ्यावर बसून नव्या पुरणार. त्या गुडघ्यांना ते झेपणारं नाही. होकायंत्र नव्हतं, म्हणून चॅपलच्या मनोऱ्यावरून अंदाजाने टोक उत्तरेला केलं.

माती सारखी करून मी उठलो, तर विल्फ पायवाटेच्या पलीकडे आपल्या तारा खोचत होता.

"ऑझी," तो वर न पाहता म्हणाला, "यंदा दर रविवारी मी मुलीकडे जेवायला जाणार आहे. चारपर्यंत काही येत नाही."

"मला कशाला सांगतोस?"

"उगाच. माहीत असावं."

मी फावड्याची माती पुसली. "माझा मंगळवारचा दवाखाना आहेच," मी म्हणालो. "हल्ली फार उशीर करतात तिथे."