दसऱ्याचा टॅब

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टॅब सुरू झाला नाही. रुचिताने बटण दाबून धरले, चार्जर काढून पुन्हा लावला. पडदा काळाच राहिला. चार्जिंगच्या भोकात कुंकवाचा ओला गोळा अडकला होता.

"मा, तू याच्यावर पानी शिंपडलं होतं?"

चंद्रकांताचा हात चुलीपाशी थांबला. काल विळा, कुदळ, शिलाई मशीन आणि मुलीची पुस्तके मांडताना तिने टॅबही पाटावर ठेवला होता. मुलगी ज्यावर शिकते तेच पूजेबाहेर ठेवायचे तिच्या जिवावर आले होते.

"थोडंसंच," ती म्हणाली. "नारळाचं."

"आता सर सगळ्यायचे टॅब कपाटात टाकतीन."

भीती खोटी नव्हती. शाळेला मिळालेले हे स्वस्त टॅब वर्षभर कपाटातच होते. प्रतीक्षा मॅडमनी फार आग्रह धरल्यावर सातवीची मुले ते पाळीपाळीने घरी नेऊ लागली होती. एक जरी बिघडला तरी सगळे परत कपाटात, असे मुख्याध्यापक लांजेवार सरांनी पालकांना बोलावून बजावले होते.

"मी सांगतो, माह्या हातून पडला," रुचिता म्हणाली.

"अन् माह्या चुकीपायी तू बोलणी खाशील? चाल, सरायले मलेच सांगू दे."

शाळेत मॅडम टेबलाशी बसून कापसाने टॅब पुसत होत्या. एकावर हळदीची बोटे, दुसऱ्यावर झेंडूची पाकळी. हे दोन्ही मात्र सुरू होते. सर कपाटाची किल्ली हातात घेऊन उभे होते.

"सर, पानी मी शिंपडलं," चंद्रकांता म्हणाली. "पोरीले ठाऊक नव्हतं."

"मशीनवर पानी शिंपडतेत का बाई?"

चंद्रकांताची नजर खिडकीबाहेर गेली. कडुनिंबाखाली सरांची मोटारसायकल उभी होती; हँडलला झेंडूचा हार, मीटरच्या काचेवर पाण्यासोबत ओघळून वाळलेले कुंकू. तिने घाईने मान खाली घातली. पण दारात उभ्या असलेल्या, रुचिताच्या वर्गातल्या गुड्डीनेही ते पाहिले होते.

"सर, तुमची गाडी झाली ना चालू आज?"

"गुड्डी, वर्गात जा," मॅडम म्हणाल्या; मात्र त्यांनी मान वर केली नाही.

सरांनी खिडकीतून गाडीकडे पाहिले. मग त्यांनी रुचिताचा टॅब तेवढा उचलून कपाटात ठेवला. "हा साकोलीले दुरुस्तीच्या दुकानात दाखवू. बाकीचे... पाहू."

"सुधरन का, मॅडम?" चंद्रकांताने विचारले.

"सांगता येत नाही, ताई."

मॅडमनी उरलेले टॅब उचलून वर्गात नेले. चंद्रकांता कामाला जायचे सोडून वर्गाच्या दाराशी थांबली. गुड्डीने आपल्या वाट्याचा टॅब बाकावर दोघींच्या मधोमध सरकवला. रुचिताने लगेच बोट लावले नाही. आधी तिने दोन्ही हात ओढणीला कोरडे पुसले, आणि मग पुन्हा एकदा पुसले.