डोलकाठीवरचा माणूस

बोट जुनी होती, शिडाची, दोन मालकांच्या हातून फिरून आलेली. निवृत्तीनंतर घर भाड्यानं देऊन उरलेलं आयुष्य पाण्यावर काढायचं, हे दोघा नवराबायकोंनी नोकरीत असतानाच पक्कं केलं होतं. तो शाळेत भूगोल शिकवायचा. ती ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. "लोक या वयात गुडघे बदलतात, तुम्ही घर बदलताय," मुलगी म्हणायची.

बोट अजून धक्क्याजवळच्या आवारात, लोखंडी टेकूंवर उभी होती. बूड खरवडून झालं होतं, इंजिन दुरुस्त झालं होतं. त्या सकाळी डोलकाठीच्या टोकावरचा दिवा बदलायचा होता. तो कापडी बैठकीत बसला, कमरेला आणि छातीला पट्टे आवळले. बैठकीचा दोर कप्पीवरून खाली चरखीला आला होता. छातीच्या पट्ट्याला वेगळा, जास्तीचा दोर होता. ती चरखी फिरवत त्याला वर चढवत गेली.

"जरा दमानं! मी काय पोतं आहे का?" तो वरून ओरडला.

"पोतं गप्प तरी बसतं!"

तो हसला. मग पान्ह्याची खटखट सुरू झाली आणि थोड्या वेळानं थांबली.

"बसला का हो दिवा?"

तिनं मान वर केली. पान्हा त्याच्या हातातून सुटला, डेकवर आदळला आणि टप्पा घेऊन खाली आवारात पडला. त्याचं डोकं एका बाजूला कललं होतं. ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलत होते.

"अहो!"

बऱ्याच वेळानं त्यानं खाली पाहिलं. शांतपणे, जराशा संकोचानं म्हणाला, "बाई, मला इथे कुणी बसवलंय? तुम्ही कोण?"

इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं तिला कधी अहोजाहो केलं नव्हतं. ती काही बोलायच्या आत त्याचा हात कमरेच्या बकलावर गेला. बक्कल उघडलं, पट्टा लोंबकळू लागला. मग बोटं छातीच्या पट्ट्याकडे वळली.

ओरडावंसं वाटत होतं. पण ओरडल्यावर घाबरलेला पेशंट काय करतो ते तिनं पाहिलेलं होतं. तिनं आवाज खाली आणला.

"मी सिस्टर. तुमची तपासणी चालू आहे, काका. आता दोन्ही हातांनी समोरचा दोर धरा. घट्ट. शाब्बास."

"हा पट्टा काचतोय."

"खाली आलात की मीच काढते. हात नाही हं सोडायचा."

त्यानं दोर धरला. ती चरखीवरून दोर इंच इंच सोडू लागली. मध्येच त्याचा एक हात पुन्हा छातीकडे गेला.

"काका, दोर!"

"हो हो, सॉरी."

डेकला पाय लागल्यावर तिनं त्याला खाली बसवलं आणि त्याचा दंड धरून ठेवला. शेजारच्या बोटीवरच्या दाढीवाल्याला हाक मारून अँब्युलन्स बोलवायला सांगितलं. नवरा आज्ञाधारकपणे बसून होता.

"सिस्टर, माझ्या बायकोला कळवाल का? काळजी करेल ती."

"कळवलंय. निघालीये ती," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून तिनं पदरात हुंदका दाबला.

अँब्युलन्समध्येच तो भानावर आला. "अगं, कुठे चाललोय आपण? दिव्याचं काय झालं?"

त्याला काहीच आठवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, फिटचाच एक प्रकार आहे. हातपाय झटकले जात नाहीत, माणूस तेवढ्यापुरता हरवतो. गोळ्या नियमित घ्यायच्या, उंचावर चढायचं नाही, पाण्यात एकट्यानं उतरायचं नाही. पुन्हा येईल का? सांगता येत नाही.

मुलगी म्हणाली, "आई, बोट विका."

तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." आणि दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

डोलकाठीवर तो काय बोलला होता, हे तिनं त्याला सांगितलं नव्हतं. त्याचा चमचा ताटाशी थांबला तरी ती हातातलं काम टाकून त्याच्या तोंडाकडे बघायची. शेवटी एका दुपारी त्यानंच विषय काढला.

"मी तुला ओळखलं नाही, हो ना? तू माझ्याकडे बघतेस त्यावरून कळतं."

तिनं सगळं सांगितलं. "मलाही भीती वाटते गं," तो म्हणाला. "पण या खोलीत बसून ती कमी होत नाहीये."

हिवाळाभर गोळ्यांवर काही झालं नाही. डॉक्टरांनी किनाऱ्याजवळून, सोबतीनं जायला हरकत घेतली नाही. तेवढ्या काळात ती दाढीवाल्याच्या बोटीवर सुकाणू धरायला, एकटीनं शीड उतरवायला शिकली. डेकभोवती तिनं जाळी बांधून घेतली. दूरचे समुद्र रद्द झाले. या बंदरातून त्या बंदरात, जमीन नजरेआड होऊ न देता, एवढंच ठरलं.

निघाले त्या दिवशी सुकाणू तिच्या हातात होतं. तो लाइफजॅकेट घालून, पट्ट्यानं डेकला बांधलेला, पुढे बसला होता. धक्का मागे पडला. वारा आला, बोट एका कुशीवर झुकली.

"पहिलं बंदर कुठल्या दिशेला?" तिनं विचारलं. तिला दिशा पाठ होती.

"वायव्येला," तो न वळता म्हणाला. "आणि दर पाच मिनिटांनी माझी परीक्षा घेऊ नकोस."

"घेणार," ती म्हणाली, आणि तिनं सुकाणू वायव्येला वळवलं.