पलीकडचा एक प्रेक्षक

कोपऱ्यातला संगणक दिवसभर काहीतरी बाहेर पाठवत असतो, हे लक्षात आल्यापासून तिचं शिवणावर लक्ष लागेना. पडद्यांना डोळे मिटून सरळ टीप घालणारी बाई ती, पण आता टिपा वाकड्या जायला लागल्या. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायला गेला की घरात ती आणि ते खोकं, दोघंच. कोणी बघत नसताना त्याचा दिवा लुकलुकायचा, आणि त्या लुकलुकण्यातही तिला चोरटेपणा दिसायचा.

तिने विचारलं नव्हतं असं नाही.

"हे दिवसभर कशाला चालू ठेवता?"

"त्यावर टीव्ही दिसतो, इंटरनेटवरून. बघणारेच एकमेकांना चित्र पुरवतात. आपण घ्यायचं आणि पुढे द्यायचं."

"पण आपण तर बघतच नाही."

"नसू दे. कुणीतरी द्यायला नको का?"

"कुणाला?"

त्यावर नवऱ्याने ताटात डोकं खुपसलं. बोलण्यात तो मुळातच कंजूष, पण या वेळी त्याचे कान लाल झालेले तिने पाहिले. दुसऱ्या दिवशी तो गेल्यावर तिने स्क्रीन लावून बघितली. कसलंतरी मैदान दिसत होतं, आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: जोडलेले प्रेक्षक, एक. तिच्या मनात त्या एका प्रेक्षकाला लगेच लांब केस फुटले.

तिने वडिलांना फोन लावला. बाबा जन्मभर फुटबॉलचे पंच. कोणी पडला तर आधी नाटक समजायचे, मग जखम बघायचे. जावयाला त्यांनी लग्नाआधीच मैदानाबाहेर काढलं होतं आणि त्याच्या हातचं काहीही नको, असं चारचौघांत सांगितलं होतं. आता गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे त्यांना खुर्चीतून उठवत नव्हतं. ज्या छोट्या क्लबांसाठी उभी हयात शिट्टी फुंकली, त्यांचे सामने बघणं एवढंच उरलं होतं. ते कुठल्याच चॅनलवर लागत नाहीत. दादाने, म्हणजे तिच्या भावाने, टीव्हीला काहीतरी जोडून दिलं होतं, त्यावर दिसायचे.

"लक्ष ठेव," बाबा म्हणाले. "गप्प खेळाडूच पाय घालतो."

तेव्हापासून नवऱ्याची पाठ वळली की ती संगणकाची इंटरनेटची वायर उपटायची. संध्याकाळी तो विचारायचा, तेव्हा ती म्हणायची, "केर काढताना निघाली वाटतं." तो मान हलवायचा आणि वायर परत खोचायचा. एवढा सरळपणा तिला मुळीच पटत नव्हता. ज्याच्या मनात काही नाही, तो निदान चिडेल तरी.

इकडे बाबांच्या तक्रारी वाढल्या. दिवसा चित्र गोठतं, संध्याकाळी सुरळीत होतं. दादा येऊन बघून जायचा, पण गुण येत नव्हता. "मला दुसरं आहे तरी काय गं आता," असं एकदा बाबा म्हणाले. तिला रडू आलं. रागही आला, पण तो नवऱ्यावरच काढला.

मग एके सकाळी पडदे पोचवायच्या घाईत वायर उपटायची राहिली. दुपारी बाबांचा फोन आला, आवाज अगदी खुशीत.

"आज बघ कसं झकास चाललंय. पेनल्टी मिळालीय."

फोन खांद्याशी धरून ऐकता ऐकता तिला आठवण झाली. ती वाकली आणि तिने वायर ओढली.

"गेलं," बाबा म्हणाले. "पाय उचलून तसाच थिजलाय बिचारा."

तिने वायर परत खोचली. थोड्या वेळाने फोनमधून मैदानावरचा ओरडा परत ऐकू आला. नकोसं वाटत असूनही तिने ती पुन्हा ओढली.

"परत गेलं बघ."

वायर खोचून तिने बाबांचा फोन ठेवला आणि दादाला लावला.

"माझं नुसतं नाव, जोडून दिलं तुझ्या नवऱ्याने," दादा म्हणाला. "बाबांनी त्याच्याकडून घेतलं असतं का? ते सामने बघायला आहे कोण? दुसरं यंत्र चालू नसलं की बाबांचं अडखळतं, म्हणून तो तुमचं चालू ठेवतो. आणि तुला सांगितलं असतं तर तू पहिला फोन कुणाला केला असतास?"

मग तिने बाबांना फोन करून सगळं सांगून टाकलं. सामना काही त्यांनी बंद केला नाही.

संध्याकाळी नवरा आला. चपला काढून सवयीने कोपऱ्यात वाकला, आणि हात पुढे केल्यावर त्याला दिसलं की वायर जागेवर आहे. तो तसाच वाकून राहिला.

"केर काढताना निघत नव्हती," ती म्हणाली. "मीच काढत होते."

"माहीत होतं."

"मग एकदा तरी बोलायचंत."

तो सरळ उभा राहिला, पण तिच्याकडे बघेना.

"रोज येताना वाटायचं," तो म्हणाला, "आज काढली नसेल."